गौसिया मॅडम आणि मोबाईलमधले आजार

शेजारच्या किसनरावांच्या शिवकन्येचं लग्न मी जवळजवळ जमवलंच होतं. ज्या एका वाक्यानं जमवलं, त्याच वाक्यानं पोरीला खड्ड्यातही घातलं होतं. वाक्य साधंच होतं. मी म्हणालो, "आणखी एक सांगतो पाहुणे, पोरीला ओसीडी आहे."

मी असं काहून बोललो, ते आधी सांगायला पाहिजे. आमच्या सेनगावाकडं पोरगी पाहायचा कार्यक्रम असला की घरधनी एखादा बोलका माणूस आणून बसवतो. पाहुणे चहा पितात, पत्र्याकडं बघतात, सोयाबीनच्या भावाला शिव्या देऊन होतात, आणि मग अशी शांतता पसरते की आतल्या खोलीतली बांगडीसुद्धा ऐकू यावी. ती शांतता फोडायचं काम या बोलक्या माणसाचं. मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळं आमच्या गल्लीतल्या अशा सगळ्या शांतता माझ्या वाट्याला येतात. विशेषणं पुरवायची, पोह्यांची दुसरी बशी नको नको म्हणत घ्यायची आणि निघताना "जोडा शोभंल" म्हणायचं, एवढंच काम. दहा ठिकाणी केलं की माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं.

त्या दिवशीचे पाहुणे कुरुंद्याचे होते. सटवाजीराव, त्यांची बायको, मुलगा रुद्र आणि सटवाजीरावांच्या आई गोजरबाई. घराणं हळदीचं. माणसं सरळ, पण बोलायला कंजूस. माझी विशेषणं भराभर संपत होती. मनमिळाऊ झालं, कष्टाळू झालं, संस्कारी तर दोनदा झालं. तेवढ्यात मुलाच्या आईनं विचारलं, "आमचं हळदीचं घर हाय, सर. हंगामात समद्या घरात धुरळा ऱ्हातो. पोरीला साफसफाईची आवड हाय ना?"

साफसफाई! शिवकन्येला मी रोज बघत होतो. माझ्या ओसरीवरून त्यांचा नळ दिसतो. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, जेव्हा बघावं तेव्हा पोरगी नळावर हात धूत उभी. नुसतं 'स्वच्छ' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते कुणीही म्हणेल. मोबाईलवर मी नुकतीच एका बाईची रील पाहिली होती. कपाटातल्या साड्या रंगवार लावून ती लाडानं म्हणत होती, 'काय करू, मला ना ओसीडी आहे.' मला वाटलं, वाहवा, हे आजचं विशेषण! आणि मी ते वापरलं.

मला वाटलं होतं की अर्थ समजावून सांगावा लागेल. कसलं काय! मुलाच्या आईचा चेहरा उजळला. "अगं बाई! आमच्या पुण्याच्या भाचीलाबी हाय ते. घर निस्तं काचेवाणी ठेवती." इतका वेळ बुटाच्या नाडीकडं बघत बसलेला रुद्र पहिल्यांदा हसला. सटवाजीराव म्हणाले, "मंग तर चांगलंच हाय." आणि किसनराव, ज्यांना हा शब्द धड उच्चारताही येत नव्हता, छाती पुढं काढून म्हणाले, "लहानपणापासून हाय जी! सांगावं लागत न्हाई, आपसूक हाय."

तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा सरकला. पडद्यातून गौसिया मॅडमचा चेहरा दिसला, आणि त्यावर माझ्याविषयी काहीही चांगलं नव्हतं.

"सर," त्या म्हणाल्या, "जरा मागच्या अंगणात या."

गौसिया मॅडम आमच्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. त्यांचे वडील इनायतभाई सेनगावात गाद्या भरायचे. तालुक्यातल्या निम्म्या नवरानवरींचा संसार इनायतभाईंच्या गादीवर सुरू झाला, असं लोक अजून म्हणतात. कापूस पिंजणाऱ्याची पोरगी मन पिंजायला कशी गेली, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. मला वाटलं, काहीतरी सुंदर उत्तर मिळेल आणि एखाद्या लेखात घालता येईल. त्या म्हणाल्या, "इतिहासाच्या जागा भरल्या होत्या."

त्या नोकरीला लागल्या तेव्हा मानसशास्त्र हा विषय म्हणजे आमच्या कॉलेजातली धर्मशाळा होती. ज्याला गणित झेपत नाही, भूगोलाचे नकाशे काढवत नाहीत, त्यानं मानसशास्त्र घ्यायचं. गावाला तर हा विषय म्हणजे कुडमुड्या ज्योतिषाची शिकलेली बहीण वाटायचा. स्टँडवर माणसं अडवायची. "मॅडम, तुमी मनाचं शिकवता म्हणं. मंग सांगा, माझ्या मनात आत्ता काय चालू हाय?" मॅडम त्याच्याकडं नीट बघून म्हणायच्या, "काहीच नाही. तीच तकलीफ आहे."

आणि मग मोबाईल आले. मोबाईल तसे आधीपासून होते. रीलवाले मोबाईल आले. दोन-तीन वर्षांत असं झालं की मानसशास्त्राच्या वर्गात बाकं कमी पडायला लागली. मॅडमना आधी वाटलं, सोन्याचे दिवस आले. पोरं पहिल्याच तासाला असे शब्द टाकायची की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, एमेचा वर्ग चालू आहे. बालाजी नावाचं एक पोरगं होतं, ते म्हणायचं, "मॅडम, आमचा बाप नार्सिसिस्ट हाय." का? तर बापानं मोटारसायकल घेऊन द्यायला नकार दिला. तो बाप मला माहीत आहे. स्वतःच्या प्रेमात पडायला त्याला फुरसत मिळाली तर मीच त्याला आरसा घेऊन देईन. पुनम नावाची मुलगी सबंध तासभर शेजारणीशी बोलायची आणि रागावलं की म्हणायची, "मॅडम, मी इंट्रोव्हर्ट आहे, माझी एनर्जी संपते." कॉलेजसमोरच्या मुजाहिदनं तर टपरीवर नवी पाटीच लावली, 'डोपामिन चहा'. मॅडमनी विचारलं, "मुजाहिद, डोपामिन म्हणजे काय?" तो म्हणाला, "बाजी, अद्रक जरा ज्यादा डालते."

मी हसायचो. स्टाफरूममध्ये रोज एक नवा नमुना मॅडमना ऐकवायचो. शब्द म्हणजे वाहतं पाणी, असं एक मराठीच्या मास्तराला शोभेलसं भाषणही ठोकायचो. अर्थ बदलणारच, पुस्तकातला शब्द गावात आला की गावाचं पाणी पिणारच. मॅडम डबा उघडता उघडता म्हणायच्या, "बराबर आहे सर. फक्त औषधाच्या बाटलीत सरबत भरायचं असेल तर औषध कुठं ठेवलंय, तेवढं लक्षात ठेवा."

वर्गात त्यांनी भांडण केलं नाही. त्यांची एक पद्धत होती. कुणी असला शब्द टाकला की त्या म्हणायच्या, "तो शब्द बाकावर ठेव आणि उभं राहून काय झालं ते सांग." मग बालाजीला मोटारसायकलीची सगळी कहाणी सांगावी लागायची, आणि ती सांगता सांगता त्याच्याच लक्षात यायचं की बापाकडं त्या वर्षी बियाणं उधारीवर होतं. इंट्रोव्हर्ट पुनम सांगायला उभी राहिली ती तास संपला तरी थांबेना. शब्दाचं झाकण काढलं की आत काय आहे ते दिसायचं. बहुतेक वेळा आत साधीच गोष्ट निघायची. राग, आळस, कंटाळा, पहिलं प्रेम.

एकदा मात्र तसं झालं नाही, ते मला त्या मागच्या अंगणात कळलं.

"सर, तुम्हाला काय बोललात ते कळतंय का?" मॅडम हळू आवाजात बोलत होत्या. त्या हळू बोलल्या की मला ओरडल्यासारखं वाटतं.

"कौतुक केलं मॅडम. अलीकडं म्हणतात तसं."

"तिचे हात बघितलेत कधी?"

"रोज बघतो. धूत असते."

"धुताना बघता. धुतल्यावर बघा."

मग त्यांनी सांगितलं. शिवकन्या बीएला त्यांच्या वर्गात होती, स्थळं यायला लागली तसं तिचं कॉलेज सुटलं. रोज उशिरा यायची. घराची कडी लावून निघायची, आणि वेशीपर्यंत आली की कडी लावलीच नाही असं वाटून परत जायची. पुन्हा निघायची, पुन्हा जायची. पोरं तिला 'कडीवाली' म्हणायची. तिला विचारलं तर ती नुसती हसायची. एक दिवस मॅडमनी तिच्याकडून खडू घेतला, तेव्हा बोटांना रक्त दिसलं. धुऊन धुऊन कातडं गेलेलं. 'तो शब्द बाकावर ठेव' म्हणायची वेळच आली नाही, कारण या पोरीनं शब्द वापरलाच नव्हता. तिला तो माहीत होता. पण सगळा वर्ग वही सरळ ठेवली तरी 'मला ओसीडी आहे' म्हणून खिदळत होता. तिनं तेच म्हटलं असतं तर तीही खिदळणाऱ्यांत जमा झाली असती.

या आजाराला आमच्या पाठ्यपुस्तकात एक मराठी नाव आहे. ते पूर्ण म्हणून होईपर्यंत रोगी आपोआप बरा व्हावा, इतकं लांब. अर्थ मात्र सोपा. एक नको असलेला विचार डोक्यात रुतून बसतो, आणि तो शांत करायला माणूस तेच ते काम करत राहतो, स्वतःला पटत नसताना. त्याला स्वच्छतेची आवड नसते. त्याची सुटका होत नसते.

"मी किसनरावांना तीनदा भेटले," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, हिला नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडं दाखवा, औषधानं फरक पडतो. ते काय म्हणाले माहितीये? 'मॅडम, ते तर मोबाईलमधलं हाय. आमच्या साडूची पोरगी बी म्हणती तिला हाय म्हून. त्याला काहून डॉक्टर पायजे?' मी चौथ्यांदा आज आले होते. कार्यक्रम झाला की बोलणार होते. तर तुम्ही भर बैठकीत शिक्का मारून दिलात. आता तो गुण झाला. गुणावर कुणी औषध घेतं का?"

बोलक्या माणसाची शांतता फोडायला कुणी नव्हतं.

"आणि पाठवता कुठं? हळदीच्या घरात. हळद घासायचा ड्रम फिरायला लागला की भिंती, भांडी, चादरी सगळं पिवळं होतं. बोटांचा रंग चार-चार महिने जात नाही. ही पोरगी तिथं काय करेल, सर? कौतुक होत राहील आणि ही नळावर उभी राहील."

मला आत्ता, हे लिहितानाही, तो नळ डोळ्यांसमोर येतो.

"मग मी आत जाऊन सांगतो," मी म्हणालो. "माझी चूक झाली म्हणतो."

"तुम्ही बसा. आज पुष्कळ बोललात."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. शिवकन्या नव्या साडीत ओट्याला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मॅडमनी तिला विचारलं, "काय करायचं, बेटा? तू म्हणशील तसं. मी गप्प बसले तरी चालेल, पण ते तुला चालेल का?"

पोरगी बराच वेळ पदराचं टोक दुमडत राहिली. मग म्हणाली, "मी सांगते, मॅडम. पण तो शब्द नको. तो शब्द म्हणलं की सगळे हसतेत."

"शब्द नको. काय होतं ते सांग. मी दारात उभी आहे."

आमच्याकडं पोरगी समोर आली की पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईनं प्रश्न विचारायचे असतात. नाव, शिक्षण, भाकरी येती का, असं. उत्तरं ठरलेली असतात आणि प्रश्नही. शिवकन्या पाटावर बसली. गोजरबाईंनी नाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, आणि मग सुनेकडं बघून कौतुकानं म्हणाल्या, "आन् ते तुला हाय म्हणत्यात, ते इंग्रजी. मंग तू दिसातून किती येळा झाडती, बाई?"

"झाडत न्हाई जी," शिवकन्या म्हणाली. "हात धुते."

"धुवावंच की."

"धुतले तरी धुतले न्हाई असं वाटतं. पुन्हा धुते. साबण संपतो, तरी वाटतं राह्यलं काहीतरी. कातडं निघतं. निघालं की आग होते, तरी धुते. कडी लावली तरी लावली न्हाई वाटतं. बारावीला इंग्रजीच्या पेपरला मी अर्ध्या वाटेतून घरी आले, कडी बघायला. पेपर अर्धा राह्यला." ती थांबली. "मला न्हाई आवडत हे. मला हे नको हाय. पण थांबता येत न्हाई."

किसनराव उठायला निघाले, मी त्यांचा सदरा धरला. माझ्या आयुष्यातलं मोलाचं काम म्हणायचं तर तेवढं एकच. बाकी सगळं वाईटच केलं होतं.

सटवाजीराव जमिनीकडं बघत होते. मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरून पुण्याची भाची उतरून गेली होती. शांतता पसरली, आणि या वेळी ती फोडायची माझी हिंमत नव्हती. गोजरबाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हिकडं आण हात."

शिवकन्येनं हात पुढं केले. म्हातारीनं ते आपल्या हातांत घेतले, उलटेपालटे केले, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला. गोजरबाईंचे स्वतःचे हात हळदीनं रापलेले, नखांच्या कडा पिवळ्या. पोरीनं हात ओढून घेतला नाही. पण तिचा श्वास कसा वर अडकला ते मी बघितलं.

"आरं द्येवा," गोजरबाई म्हणाल्या. "आन् हे समदे हिचं कवतिक करून राह्यले का?" मग किसनरावांकडं वळून, "ह्याला दवापाणी काहून केलं न्हाई?"

"आई, ते मोबाईलमधलं..." किसनराव पुटपुटले.

"ह्यो हात मोबाईलमंदला हाय व्हय?"

गौसिया मॅडम दारातून म्हणाल्या, "नांदेडला डॉक्टर आहेत, आई. मी घेऊन जाते."

"जा घेऊन. आन् रातच्याला हळद-तूप लावत जा, बाई."

"हळद-तूप लावू," मॅडम म्हणाल्या, "आणि गोळ्याही घेऊ."

पाहुणे पोहे संपवून उठले. सटवाजीराव म्हणाले, "कळवतो." आमच्याकडं 'कळवतो'चा अर्थ कधीच बदलत नाही. कुठल्याही रीलनं त्याला हात लावलेला नाही. गाडीत बसताना रुद्र किसनरावांना काहीतरी म्हणाला. मला वाटलं, नकार असेल. नंतर कळलं, त्यानं मॅडमकडचा डॉक्टरांचा नंबर मागितला होता, त्याच्या एका मित्रासाठी.

लग्न जमलं नाही. रुद्रचं वसमतकडं जमलं. किसनराव माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. भिंतीपलीकडून फक्त त्यांच्या खाकरण्यातून मला राग कळायचा. पण ज्या माणसाला तीन खेपांत पटलं नव्हतं, त्याला पोरीच्या तोंडून एकदा ऐकून पटलं. पुढच्याच आठवड्यात बापलेक आणि मॅडम नांदेडच्या एसटीत बसले. औषधं सुरू झाली. त्याबरोबर तिथल्या एका समुपदेशक बाईंनी शिवकन्येला हळूहळू सराव करायला शिकवलं. हात धुवावेसे वाटले तरी थोडं थांबायचं, मग आणखी थोडं. 'आज बघाल तर ठणठणीत!' असं म्हणणार होतो, पण तसं झालेलं नाही. काही दिवस चांगले जातात, काही दिवस पुन्हा नळ सुरू होतो. मॅडम म्हणतात, असंच असतं, वेळ लागतो. शिवकन्येनं बीए पुन्हा धरलंय, आणि वर्गात तिला कुणी 'कडीवाली' म्हणत नाही. कारण तिनं स्वतःच एक दिवस वर्गात उभं राहून, शब्द बाकावर ठेवून, सगळं सांगितलं. बालाजी म्हणे सर्वांत आधी गप्प झाला.

आणि दर काही दिवसांनी किसनरावांच्या घरी कुरुंद्याहून फोन येतो. सोयरीक जमली नाही, तरी गोजरबाई फोन करतात. "हात कसे हायेत?" एवढंच विचारतात आणि ठेवून देतात.

मी मात्र त्या दिवसापासून जरा सावध झालो. बैठकीला बोलावलं तर 'स्वभाव चांगला' यापलीकडं जात नाही. रील बघतो, पण हसताना आजूबाजूला मॅडम नाहीत ना ते बघतो. परवा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मॅडम पेपर तपासत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, एक सांगू? त्या दिवशीची ती बैठक मला अजून आठवते. गोजरबाईंनी तिचे हात धरले तो क्षण आला की अंगावर काटा येतो, झोप लागत नाही. मला वाटतं, मला त्या दिवसाचा ट्रॉमाच झालाय."

मॅडमनी मान वर केली नाही.

"ट्रॉमा नाही, सर, मराठीत त्याला लाज म्हणतात."